आठ दिवसांसाठी दिलेला सोबती

समीनाने आठ दिवसांनी सोबती परत केला आणि तो बदललाय, हे तेजलला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला की प्रत्येकाला असा एक एआय सोबती मिळायचा. टॅबमध्ये राहणारा, चार वर्षं एकाच विद्यार्थ्याबरोबर वाढणारा. समीनाचा ऐन सबमिशनच्या तोंडावर बंद पडला, म्हणून तेजलने रूममेटला आपला दिला, उतरवायला जर्नल द्यावं तसा.

"नेटवर्किंगचा चौथा प्रश्न लिहून दे," तेजल म्हणाली.

"देतो. पण आधी सांग, पाठवलेलं पॅकेट वाटेत हरवलं, तर पाठवणाऱ्याला कसं कळत असेल?"

तीन वर्षांत त्याने तिला असं काही विचारलं नव्हतं. आठ दिवस पलीकडच्या कॉटवरून दोघांचं हसणं ऐकू यायचं, ते तिला आठवलं. सोबती माझा आणि रंगतो तिच्याबरोबर. तेजलने सेटिंग उघडलं आणि त्याच्या आठवणीतले ते आठही दिवस पुसून टाकले.

मेसमध्ये जेवताना तिने ते मुद्दाम समीनाला सांगितलं.

समीनाचा घास हातातच राहिला. "अगं, रोज तुझंच विचारायचा. म्हणायचा, 'तेजल फक्त उत्तरं मागते, तिला गोडी कशी लावू?' आम्ही मिळून प्रश्न काढले होते, तुझ्यासाठी."

खोलीवर येऊन तेजलने टॅब उघडला. "ते पॅकेटचं मला विचार ना," ती म्हणाली.

"पॅकेट हरवलं तर पोच येत नाही, त्यावरून कळतं," सोबती म्हणाला. "किती मार्कांसाठी लिहू?"