वरचे दोन

व्यापाऱ्याने संत्र्याचा एक थेंब काचेवर पिळला, झाकण लावलं आणि साखर मोजायची नळी खिडकीकडे धरून डोळ्याला लावली.

"दहा," तो म्हणाला.

समोर स्टुलावर बसलेल्या बागवाल्याने दुसरं संत्रं पुढे केलं. तेही दहा. तिसरं साडेनऊला आलं. मग व्यापाऱ्याने आंबटपणाचं छोटं यंत्र रसात बुडवलं आणि आकडा बघून ओठ मुडपले.

"काका, माल पास होतोय, पण काठावर. आंबटही वर आहे. तुमची फळं बाराच्या पुढची म्हणून मी वेगळ्या पेटीत घालायचो. या वर्षी साध्या ढिगात जातील. पुढच्या वर्षीचं मग बघू."

त्या 'बघू'चा अर्थ बागवाल्याला कळत होता. बायको गेल्यावर मुलगी त्याला कायमचं न्यायला आली होती. बाग शेजाऱ्याला चालवायला द्यायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. त्याने एवढंच मागून घेतलं होतं की एक हंगाम एकट्याने करून बघतो. माल वेगळ्या पेटीत गेला तर राहतो, नाहीतर मुकाट्याने येतो.

तरी तो उठला नाही.

"मी भांडायला नाही बसलो," तो म्हणाला. "मला तुमचे आभार मानायचेत."

"माल साध्यात टाकल्याबद्दल?"

"इतकी वर्षं दोन वाढवून लावलेत त्याबद्दल. घरी माझ्या नळीत दहा दिसले की मी फळं तोडायचो. इथे आणलं की तुम्ही बारा म्हणायचात. चांगुलपणा करणाऱ्याला तोंडावर विचारू नये म्हणून गप्प बसलो. बायकोला तेवढं सांगायचो. ती हसायची. म्हणायची, अहो, देवमाणूस आहे, त्याच्याकडे जाताना चार फळं जास्त न्या."

"आणि आणायचात?"

"दर खेपेला."

"तरीच माझी बायको तुमची चौकशी करते." व्यापारी हसला आणि मग हसायचा थांबला. "काका, मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अर्धासुद्धा वाढवून दिला नाही. अजून बोलत नाही तो माझ्याशी. मला जे दिसलं तेच मी बोललो."

"आता कशाला लपवता?"

"हे घ्या. तुम्हीच बघा."

इतक्या वर्षांत बागवाल्याने व्यापाऱ्याची नळी कधी हातात घेतली नव्हती. त्याने ती डोळ्याला लावली. वर निळं, खाली पांढरं आणि दोघांमधली रेघ बरोबर दहावर. त्याने खिशातून आपली नळी काढून त्याच रसाचा थेंब टाकला. तिथेही दहा.

"तेव्हा तुमची नळी कमी दाखवत असेल," व्यापारी म्हणाला.

"आणि आता सुधारली? आपोआप?"

"यंत्रं आपोआप बिघडलेली पाहिलीत. सुधारलेली मी तरी पाहिली नाहीत." व्यापाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, फळं तेव्हा खरंच बाराची होती. माझे आभार मानू नका. ज्याचे असतील त्याचे माना."

बागवाला चालत घरी आला. वाटेत बाग लागली, पण तो आत शिरला नाही. ते दोन अंक व्यापाऱ्याने दिले नव्हते, तर ते झाडांवरच होते. मग ते गेले कुठे? खत तेच, पाणी तेच, माणूस तेवढं एक कमी. ती झाडांशी बोलायची. तो तिला हसायचा. कदाचित तिच्या बोलण्यानेच फळ गोड होत असेल. तसं असेल तर आता इलाज नव्हता. त्याने मनातल्या मनात तिचे आभार मानले. ती असताना ते राहूनच गेलं होतं.

हंगाम संपताना परत आलेली मुलगी स्वयंपाकघरात डबे पुसून खोक्यात भरत होती.

"काय म्हणाले?"

"साध्या ढिगात." तो टेबलाशी बसला. "शेजाऱ्याला सांग, बाग घे म्हणावं. माझ्या हातून नाही व्हायची."

मुलगी डबे सोडून उठली. तिने चहाचं आधण ठेवलं. त्याने नळीची काच धुतली, फडक्याने टिपली आणि सवयीने पाण्याच्या छोट्या बाटलीतला एक थेंब तिच्यावर टाकला. साध्या पाण्यात साखर नसते. म्हणून रोज आधी पाण्याचा थेंब टाकायचा, नळीचा स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणायची आणि मगच फळाला हात लावायचा. त्या पाण्यापेक्षा फळ जेवढं गोड, तेवढाच आकडा मग नळी दाखवते. रेघ शून्यावरच होती.

"नळी ठीक आहे," तो म्हणाला. "मीच ठीक नाही. एक मात्र बरं झालं, आता टेबलावर मुंग्या येत नाहीत. पूर्वी रोज या बाटलीभोवती रांग लागायची. तुझी आई मलाच बोलायची, रसाचे हात लावता म्हणून."

मुलीने गॅस बंद केला.

"बाबा, ते पाणी आता कोण भरतं?"

"मीच. अगदी तिच्यासारखं. रोज बाटली धुवायची, पाणी उकळून गार करायचं आणि भरायचं."

"आणि साखर?"

"कसली साखर?"

मुलगी त्याच्यासमोर येऊन बसली.

"आई त्यात अर्धा चमचा घालायची," ती म्हणाली. "म्हणायची, तुझ्या बाबांना घाई फार. नळीत दहा दिसले की लगेच फळं तोडून मोकळे होतात."