बोटांनी तपासलेले पाट

"पट्टी उजवीकडं दीड सूत उतरलीय," पाठक सरांनी पाटाच्या पोटावरून तर्जनी फिरवत सांगितलं. "काढ आणि परत बसव. तपासणीचे साहेब साडेदहाच्या एस.टी.नं येतील."

अकरावीतल्या मच्छिंद्रनं पाट मुकाट्यानं उचलला, गुण्या लावून काटकोन पाहिला. उतरली होती, आणि दीड सूतच.

सरांच्या बोटांना डोळे आहेत, असं सगळं हायस्कूल म्हणायचं. ते ऐकून सरांना बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. कारण डोळे म्हणण्यासारखे आता तेवढेच उरले होते.

नगरच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच हात टेकले होते. सरांना उजेड कळे, सावल्या हललेल्या कळत, बाकी सगळं धुकं. चष्मा त्यांनी तेव्हाच पेटीत टाकून दिला. लावून उपयोग नव्हता. हे ठाऊक होतं फक्त दमयंतीबाईंना. त्यांनीच नवऱ्याला चहा देता देता हजेरीपटावरची बावीस नावं वाचून दाखवली होती आणि संध्येतल्या नावांसारखी घोकून घेतली होती. वर्गात सर हजेरीपट उघडत, मान खाली घालत आणि धडाधड म्हणून मोकळे होत. पेन्सिलीला त्यांनी वर्कशॉपमधून हाकलून दिलं होतं. रेघ ओढायची ती खिळ्याच्या टोकानं, पक्का सुतार असंच करतो, असं सांगून. बोटाला लागेल असा ओरखडा मिळाला की त्यांचं काम भागायचं.

निवृत्तीला एक वर्ष होतं. तेवढं निभावलं की सुटलो, असं ते स्वतःला सांगत. पण सुटायचं होतं कुणाला? भुसा नाकात गेल्याशिवाय त्यांना दिवस उजाडल्यासारखं वाटत नसे. पोरांच्या गलक्यातून घरी गेलं की आपण म्हातारे झालो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आणि त्यात हे तपासणीचं पत्र. त्र्याहत्तर साल उजाडलं होतं, दुष्काळानं सरकारचाही हात आखडला होता. जिथं शिकवणारा धड नाही किंवा शिकणारी पोरं नाहीत, ते सुतारकामाचे वर्ग बंद करायचे, असं पत्रात होतं. पोरांची सरांना काळजी नव्हती. घरंच्या घरं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, अकरावीची निम्मी बाकं रिकामी पडली होती, असं शिपाई सांगत असे. पण पाठक सरांनी नाव पुकारलं आणि 'हजर' आलं नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. काळजी होती ती स्वतःची.

साहेब आले. आवाजावरून माणूस तरुण वाटला. खुर्चीत बसून म्हणाले, "चालू द्या तुमचं."

सरांनी हजेरीपट उघडला.

"छगन."

"हजर." छगनचा आवाज अलीकडं फुटला होता. वयच तसं.

"सहादेव."

"हजर, सर." हा खिडकीकडून आला.

"कानिफनाथ."

"हजर."

बावीस नावं झाली, बावीस वेळा 'हजर' आलं. मधेच साहेबांची खुर्ची करकरली. सरांच्या कपाळाला घाम फुटला. हजेरीपट उलटा तर धरला नाही ना आपण?

"मुलांचं काम बघू," साहेब म्हणाले.

भिंतीशी रचलेले पाट एकेक करून पुढं आले. सर प्रत्येकावरून हात फिरवत आणि साहेबांच्या दिशेनं सरकवत.

"हे सगळे एका हातचे वाटतात," साहेब सावकाश म्हणाले.

सरांचा चेहरा खुलला. "जूनमध्ये प्रत्येकाचा पाट वेगळ्या बाजूनं लंगडायचा, साहेब. आता माझ्या बोटांनासुद्धा फरक सापडत नाही. पोरांचा हात बसलाय."

पेनाची कुरकुर ऐकू आली आणि एक कागद सरांच्या हातात पडला.

"हा शेरा वाचा आणि खाली सही करा."

पांढरं धुकं. सरांनी कागद जवळ धरला, लांब धरला. नोकरी गेली, वर्ग गेला. आता कबूल करून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं.

"सायेब, मी वाचतो की," मच्छिंद्र पुढं झाला. "सरांचा चष्मा सकाळी माझ्या हातनं फुटला. लई वंगाळ झालं."

सरांनी मान वळवली. कसला चष्मा?

मच्छिंद्र कागद बाकावर टेकवून वाचू लागला. "शिक्षक कामात वाकबगार आहेत. वर्ग पुढे चालू ठेवावा. उपस्थित विद्यार्थी... हितं मोकळी जागा हाय, सायेब." मग त्यानं सरांचं बोट धरून कागदाच्या तळाशी टेकवलं. "सर, सही हितं."

बोटाखाली बारीक ओरखडा लागला. वाचता वाचता खिळ्याच्या टोकानं ओढलेला, अगदी सरळ.

म्हणजे पोरांना माहीत होतं. कधीपासून, देव जाणे. आपण एवढी लपवाछपवी केली आणि पोरं निमूटपणे सांभाळून घेत राहिली. त्यांना लाज वाटली, आणि आजवर कधी वाटला नव्हता एवढा आनंदही झाला. त्यांनी ओरखड्यावर सही केली. सही नीट आली.

साहेबांनी कागद परत घेतला. "पाठक सर, हजर किती लिहू?"

"बावीस, साहेब," सर ताठ उभे राहून म्हणाले. "एवढा दुष्काळ आहे, पण माझं एक पोर वर्ग सोडून गेलं नाही."

साहेबांनी मान वर करून त्या लांबलचक खोलीत होती तेवढ्या चारही पोरांकडं एकवार पाहिलं, मोकळ्या जागेत बावीस लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.