भुंग्या पाण्याला घाबरतो

"आमचा भुंग्या पाण्याला घाबरतो," बाबांनी धरणाच्या काठावर पुन्हा एकदा जाहीर केलं. कुत्रा बिचारा बोलत नाही, त्यामुळे दोन वर्षं आमचं बोटिंग याच कारणावरून रद्द होत होतं.

आज आईने ऐकलं नाही, थेट होडीच विकत घ्यायचं ठरवलं. विकत घेण्याआधी चालवून बघा, म्हणत काठावरच्या होड्यांच्या दुकानदाराने तीन कॅनू, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होड्या, पाण्यात सोडल्या. पहिली फारच डुगडुगत होती, दुसरीत भुंग्यासकट आम्ही चौघं मावणार नव्हतो. तिसरी छान रुंद होती, पण भुंग्या काठावरच फतकल मारून बसला.

"बघा, मी म्हणत होतो ना!" बाबांचा चेहरा खुलला.

"निघताना सगळ्यांच्या हातावर दही-साखर दिली, याचीच राहिली," म्हणत आईने डबा उघडला आणि तळहातावर दही घेऊन ती कॅनूत जाऊन बसली. भुंग्याने उडीच मारली. हात चाटून तो तिच्या पायाशी पसरला.

मीही आत बसल्यावर आमच्यापैकी काठावर एकटे बाबाच उरले. शेवटी ते चढले आणि भुंग्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसले.

"साहेब, सोडा की त्याला, नाही पडायचा तो!" दुकानदार हसला.

"तो नाही हो," बाबा डोळे मिटून म्हणाले, "मी पडेन."