हातावरचं नाव

रिबकाचं लक्ष मेंदीकडे नव्हतंच. ते होतं सासूबाईंच्या बाहीवर.

उद्या लेकीचं, लेआचं लग्न. सीवूड्सच्या सोसायटीचा हॉल पाहुण्यांनी गजबजलेला, मलिद्याचा प्रसाद वाटून झालेला. नव्वदी ओलांडलेल्या सासूबाई ऐन मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसल्या होत्या. बाहीखाली काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरवयात, तिकडे युरोपात, ज्यू म्हणून छावणीत नेलं तेव्हा गोंदलेला आकडा. माहेरच्या त्या एकट्याच वाचल्या, पुढे लग्न होऊन इथल्या मराठी ज्यू घरात आल्या. एकदा एका आगाऊ पाहुण्यानं विचारलं, तर कित्येक दिवस त्यांनी खोलीची कडी उघडली नव्हती.

"तळहातावरच काढ हं," रिबकानं मेंदीवाल्या संघप्रियाला बजावलं होतं. पण पोरगी रंगात आलेली. बोलता बोलता तिनं बाही कोपरापर्यंत सरकवली.

"अय्या, नंबर! माज्या पनजीनं पन हातावर नाव गोंदलेलं, जत्रंत हरवू नये म्हनून. तुमचे पाचच आकडे, आजी? जुना लँडलाइन काय?"

रिबका धावतच जवळ आली. "अगं, झाक ते आधी!"

"झाकते ना, टेन्शन नाय. पोरी लग्नाआधी एक्सच्या नावाचा टॅटू माज्याकडनंच झाकून घेतात. अशी वेल काढते, कुनाला कळायचं पन नाय."

मेंदीचा कोन टेकणार, तोच सासूबाईंनी हात मागे घेतला. झालं, रिबकाला वाटलं, आता उठतील, कडी लावून घेतील, आणि उद्याच्या लग्नाचं काय?

सासूबाई उठल्या नाहीत. "तुझी पणजी हरवली का गं कधी?"

"नाय ओ. नाव होतं ना हातावर."

"आम्हाला नाव नव्हतं घातलं." त्यांनी हात पुन्हा पुढे केला. "वेल नको. आकड्याखाली नाव लिही. लेआ."

"नवरीचं? किती गोड!"

"नवरीचं नाही." सासूबाईंचं बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं. "माझी धाकटी बहीण. रांगेत माझ्या मागेच होती."

लेकीच्या बारशाला सासूबाईंनी दुसरं कुठलंच नाव ऐकून घेतलं नव्हतं, ते रिबकाला आता आठवलं. तिनं स्वतःच पुढे होऊन बाही नीट दुमडली.

"बारीक लिहू की ठळक?" संघप्रियानं विचारलं.

सासूबाईंनी भरलेल्या हॉलवरून नजर फिरवली.

"ठळक लिही. गर्दी फार आहे."