मुलीच्या पसंतीची नानकटाई

दुसरा ट्रे बाहेर आला आणि आईने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, ही नानकटाई आहे का फरशीचे तुकडे?"

"फरशी बरी," मुलगा म्हणाला. "तिच्यावर निदान उभं तरी राहता येतं."

तीन वाजले होते. पाहुणे पाचला यायचे होते. मुलाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे घरात भिंतीगणिक घड्याळ, आणि वेळ थोडा उरलाय हे सगळी एका सुरात सांगत होती.

मागचं स्थळ नानकटाईनेच घालवलं होतं. पाहुणे हसतमुखाने गेले आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला, "घर जरा लांब पडतं." घर दोन गल्ल्या सोडून होतं. खरी गोष्ट अशी, की पहिल्याच घासाला पाहुण्यांची दाढ हलली होती. तेव्हापासून मुलाच्या जिवाला घोर लागला होता. हेही स्थळ हातचं गेलं, तर असं पुन्हा चालून येणार नव्हतं. माणसं साधी, घर नीटनेटकं. फक्त मुलगी चोखंदळ. तिच्या मनात भरलं तरच पुढची बोलणी, असं मध्यस्थाने बजावलं होतं. आणि तिला म्हणे नानकटाईची भारी पारख.

"विकतची आणू या का?" आईने हळूच विचारलं.

"पहिल्या घासात ओळखेल ती."

"मग लाव मावशीला फोन."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नानकटाईत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"तूप किती घालू, मावशी?"

"पीठ मागेल तेवढं."

"आणि मिरपूड?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट? तुझी का आईची?"

"आईची नको रे बाबा! तिची चिमूट म्हणजे माझी मूठ. तिला आधी स्वयंपाकघराबाहेर काढ आणि तूच कर. आणि या खेपेला उरकून टाका एकदाचं. वय काय कोणासाठी थांबतं?"

"वय कशाला काढतेस गं?" आई लांबून ओरडली. "ऐकू येतं मला!"

मुलाने बाह्या सरसावल्या. केसाएवढे स्क्रू बसवणारे हात ते. त्याने वेलदोडे सोलले, जायफळ किसलं, सुंठ चाळून घेतली. मिरपूड तर दुकानातल्या चिमट्याने मोजावी तशी घातली. तूप आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र होईस्तोवर फेसली. पीठ हलक्या हाताने मळलं आणि एकासारखा एक गोळा वळला. तिसरा ट्रे आत गेला. थोड्याच वेळात असा काही दरवळ सुटला, की शेजारच्या काकू काही काम नसताना रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आज काही विशेष?"

"छे, सहज," असं म्हणून मुलाने दार लावून घेतलं.

नानकटाई ताटलीत रचून झाली. चिरा कशा अगदी नक्षीसारख्या पडल्या होत्या. मग त्याने आईला समोर बसवलं.

"एक ऐक. आज तू फार बोलायचं नाही. मागच्या वेळी तेही नडलं."

"मी काय वावगं बोलले? पाहुणे म्हणाले, रोज सकाळी चार मैल चालतो. मी म्हटलं, मग हे पोट कुठल्या वाटेने आलं?"

"आज नुसतं हसायचं."

आईने हसून दाखवलं. मुलाने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

पाचच्या ठोक्याला बेल वाजली. मुलगी आत आली. मागून तिचे वडील, इस्त्रीचा शर्ट घातलेले, रुमालाने सारखं कपाळ टिपणारे. ते बसले ते जमिनीकडे बघतच. मुलीने मात्र छतापासून पायपुसण्यापर्यंत सगळं नजरेखालून घातलं.

"घरात दोघंच?"

"दोघंच," मुलगा म्हणाला.

"उठणं वगैरे लवकर?"

"सहाच्या ठोक्याला."

"आणि रागाचं कसं काय?"

"येतो पटकन. पण जातोही पटकन."

आईने त्याच्याकडे डोळे वटारले आणि लगेच, ठरल्याप्रमाणे, हसली.

ताटली पुढे आली. मुलीने एक नानकटाई उचलली, मोडली, हुंगली, तोंडात टाकली. घड्याळांची टिकटिक एकदम मोठी झाली.

"कोणी केली?"

मुलाने ताटली हळूच आईच्या बाजूला सरकवली. देवा, एवढं एक खोटं पदरात घे.

"आईने. घरातलं सगळं तीच बघते. हाताला चवच तशी आहे तिच्या."

आईला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

मुलीने दुसरी उचलली. मग तिसरी. तळहात झटकून ती वडिलांकडे वळली.

"मला पसंत आहे. बाबा, तुम्ही काय म्हणता?"

वडिलांचे कान लालबुंद झाले. "तू म्हणशील तसं," ते जमिनीला म्हणाले.

"चला, आपण जरा गॅलरीत बसू या," मुलगी मुलाला म्हणाली आणि उठलीच.

मुलगा तिच्यामागोमाग गेला. तिने गॅलरीचं दार लोटून घेतलं, आत ऐकू जात नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"सगळं छानच आहे. पण एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. लग्न झाल्यावर फसवलं असं व्हायला नको."

मुलाने बंद दाराकडे पाहिलं. जमत आलेलं आता फिसकटणार.

"सांगा," तो कसाबसा म्हणाला.

"आमचे बाबा फार घोरतात हो. तुमच्या आईंना चालेल ना?"