बाळाच्या नावाचा हुकूम

“मुलगी झाली! मुलगी!” पहारेकरीण मावशी ओरडतच खोलीबाहेर आली. परवान्याविना देशात शिरलेल्यांना डांबून ठेवायच्या त्या केंद्रात एकच गलका झाला. स्वयंपाकी झारा हातात घेऊनच धावला. नर्सबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. गजांमागच्या बायका टाळ्या पिटत होत्या.

बाळंतिणीला बाहेरच्या महिला निवाऱ्यात हलवणं अधीक्षकसाहेबांच्या हातात होतं. पोट दिसू लागल्यापासून ती विनवत होती. साहेब दर वेळी म्हणत, “बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. “कोवळं ऊन दाखवून आणते गं,” ती आईला म्हणाली आणि अंगण ओलांडून थेट गेटाबाहेर गेली. शिपायाने अडवलं नाही. बाळाला डांबायचा हुकूमच नव्हता. अडवणार कशाच्या जोरावर?

परतताना मात्र तो आडवा आला. “मावशी, हुकमाशिवाय कुणाला आत घेता येत नाही.”

“अरे, कालच इथं जन्मलीय ती!”

“असेल. पण आत्ता ती बाहेरून येतेय.”

बाळाने टाहो फोडला. आई भिंत धरत धरत गेटापाशी आली, गजांतून हात काढून रडू लागली. बघता बघता सगळं केंद्र गोळा झालं. साहेब तणतणत आले.

“मावशी, एवढी वर्षं नोकरी केलीत, एवढं कळत नाही?”

“आनंदाच्या भरात चुकले, साहेब. तेवढा हुकूम लिहून द्या. भुकेजलीय पोर.”

साहेबांनी पेन उघडलं. बाळ रडून लालबुंद झालं होतं.

“कालच्या पोरीला डांबायचं? माझ्या सहीने? आणि गुन्हा काय लिहू?”

“आरडाओरडा लिहा, साहेब,” स्वयंपाकी मागून म्हणाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खिशात खोचलं.

“आईलाच बाहेर काढा. दोघींना निवाऱ्यात पोचवा. आत्ताच्या आत्ता!”

गेट करकरत उघडलं. आईने बाळाला छातीशी घेतलं, तेव्हा आतल्या बायकांनी ताटल्या बडवून केंद्र दणाणून सोडलं.

गाडी वळणाआड गेली. मावशी पदराने घाम टिपत होती.

“चुकतं बाई माणसाचं,” ती पुटपुटली.

शिपायाने गेटाला कडी घातली आणि हळूच म्हणाला, “मावशी, मी भरती झालो तेव्हा हा नियम मला तुम्हीच तर शिकवला होता.”