शलाकाला बंदी

आई गेल्यावर नाशिकचा फ्लॅट रिकामा करायला शलाका आणि तिचा दादा रजा काढून आली होती. दोघांचे कॉलेजातले कॉम्प्युटर अजून आपापल्या खोलीत होते, त्यांना जोडणारी निळी वायरही दाराखालून तशीच. दादाच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लागेना, म्हणून त्याच्या सगळ्या फाइली वायरीवरून शलाकाच्या कॉम्प्युटरवर ओढायच्या ठरल्या.

फोटो आले, गाणी आली. 'गिटार' नावाचा फोल्डर मात्र उघडेना. परवानगी नाही म्हणे. शलाकाने वायर काढून पुन्हा घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, फायरवॉलसुद्धा काढून पाहिली. शेवटी वैतागून ती दादाच्या खोलीत गेली आणि त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डरची सेटिंग उघडली. घरातल्या सगळ्यांना मुभा होती. बंदी फक्त तिला होती.

"हा काय प्रकार आहे, दादा?"

"मैत्रिणींना ऐकवून हसली होतीस ना माझ्या वाजवण्याला," खोक्याला चिकटपट्टी लावत दादा म्हणाला. "रुसलो होतो मी."

"वीस वर्षं?"

"अगं, काढायची राहून गेली." त्याने येऊन बंदी उठवली. शलाकाने तिथेच पहिलं रेकॉर्डिंग लावलं.

गिटार खरंच भयंकर वाजत होती. पलंगाच्या कडेवर बसून दोघं पोट धरून हसत सुटली. तेवढ्यात त्या गिटारीच्या मागून, स्वयंपाकघरातून, आईचा वैतागलेला आवाज आला, "अरे, ताटं वाढलीत. किती हाका मारायच्या तुम्हाला?"

दोघंही झटकन उठून उभी राहिली.